तणसाला विटाळ

माझ्या सासऱ्यांनी, उदाराम मामाजींनी, उन्हाळी धानाचं सगळं तणस, मळणीनंतरचा पेंढा, शेतातच पेटवून दिलं. मी ते मागितलं होतं म्हणून. दवनीवाड्याच्या बाहेर माझी पत्र्याची शेड आहे. चपला-पट्ट्यांच्या कारखान्यातली चामड्याची कात्रणं आणून आम्ही भिजवतो, त्यांचा लगदा करतो, त्यात भिजवून कुटलेलं तणस आणि डिंक मिसळतो आणि गरम प्रेसमध्ये दाबून बोर्ड काढतो. नुसत्या चामड्याचा बोर्ड वाकतो, नुसत्या तणसाचा भुगा होतो. दोन्ही एकत्र आले की खुशाल खिळा ठोका. गोंदियाच्या फर्निचरवाल्यानं पहिली मोठी ऑर्डर दिली होती, आणि तणसावाचून शेड बंद पडणार होती.

"धान लक्ष्मी हाय. तिचं तनस चामड्यात कायले घालू?" मामाजी म्हणाले.

"मंग जाळता काऊन?"

"आगीनं शुद्ध होते."

माझं डोकं सणकलं. भजनात रात्रभर ढोलक बडवता, त्यावरचं कातडं काय झाडाला लागतं? मी विचारलंही. ते उठून गेले आणि शेडला तणस देऊ नका म्हणून गावभर सांगून आले. तणस देतो म्हणणाऱ्या सगळ्यांनी तोंड फिरवलं. धुरानं गाव खोकत राहिलं, पण मूठभर तणस कुणी दिलं नाही. माझा नवरा कैलाश "बाबाले कोण समजावन" म्हणून गप्प बसला. त्याचा मला मामाजींपेक्षा जास्त राग आला.

शेडमध्ये उरलेलं तणस पुरवून पुरवून आम्ही प्रेस चालू ठेवली. ऑर्डर मात्र हातची गेली.

शेडमधल्या साऱ्या बाया गावातल्या रोवणीवाल्या. मामाजींच्या बांध्यांत धान त्याच लावतात, मीही लावते. धुरपता आमच्यात थोरली. कात्रणं निवडता निवडता ती म्हणाली, "आपले हात तं दिवसभर चामड्यात रायतात. लक्ष्मीले चालतीन का?" कुणी हसलं नाही. रोवणीला जायचं नाही, हे तिथंच ठरलं.

रोवणी आली. बांध्यांत चिखल तयार, पऱ्हे म्हणजे धानाची रोपं उपटायला आलेली, आणि बाया शेडमध्ये. मामाजींनी नागऱ्याला मजूर आणायला माणूस धाडला. तिथंही रोवणीच चालू, कोण येतं? पऱ्हे पिवळे पडायला लागले तेव्हा मामाजी स्वतः शेडच्या दारात आले. पाऊल आत टाकलं नाही.

"नूतन, बायांले घेऊन चाल."

"आमचे हात चामड्याचे हायत, मामाजी. धान बाटन."

"हात धुऊन या. पाण्यानं सारं जाते."

"तनस बी आमी पाण्यातच भिजवतो. जाळलं ते तुमी."

बाया माझ्याकडे बघत होत्या. पऱ्ह्यांचा काय दोष, असं मलाही वाटलं. पण राग उतरला नव्हता.

"या पिकाचं तनस शेडचं. गाव फिरून बोलले होते ना, तसंच गाव फिरून सांगा. मंग हात धुतो."

मामाजी वळले आणि चौकाकडे चालू लागले. ते सांगून येईपर्यंत आमच्यातली एकही बाई नळाकडे गेली नाही.