गाठीपर्यंत आलेलं पाणी

मित्रांनो, मी एक जुना सागवानी खांब आहे. दादरच्या किनाऱ्यावर वाळू संपून झोपड्या सुरू होतात, तिथे मी गेली वीस वर्षं उभा आहे. तुम्ही काम सोडून उगाच थांबलात की आई ओरडते, "खांबासारखा काय उभा राहिलास?" मला त्या बोलण्याचा फार राग येतो. बाहेरून मी हलत नाही हे खरं, पण आत मला क्षणभर चैन नसतं. समुद्र नेहमीपेक्षा चार पावलं मागे सरला तरी माझा जीव खालीवर होतो. असं का, ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

माझा जन्म डांगच्या रानातला. तिथून मी रे रोडच्या वखारीत आलो. माझ्याबरोबर आलेल्या भावंडांच्या चौकटी झाल्या, पाळणे झाले, पलंग झाले. मी मात्र दोन वर्षं भिंतीला टेकून पडून होतो, कारण माझ्या अंगावर मुठीएवढी एक गाठ होती. वखारवाला प्रत्येक गिऱ्हाइकाला आधीच सांगून टाकी, "याला हात लावू नका, लाकडात खोट आहे." शेवटी कुशाबा आला. त्याने गाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "ह्याच बरा. दोर घसराचो नाय." त्या दिवशी मला रानातून निघाल्यापासून पहिल्यांदा आनंद झाला.

कुशाबा मालवणकडचा. डिलाईल रोडच्या एका गिरणीत तो कापड विणायचे साचे चालवी. चाळीत खोली मिळाली नाही म्हणून किनाऱ्यावर झोपडी बांधून राहिला होता. बायको रखमा, मुलगी चंपा आणि एक लहानशी होडी एवढा त्याचा संसार. होडी बांधायला त्याने मला वाळूत खोल पुरलं. शेजारपाजारच्यांच्या होड्याही मग माझ्याच गळ्यात पडल्या.

कुशाबाचं एका गोष्टीत मोठं नाव होतं. भरती-ओहोटी विचारावी तर त्याला. तिथीला तीनाने गुणायचं आणि चाराने भागायचं, की भरतीची वेळ निघते. हे कोकणातलं गणित त्याला तोंडपाठ होतं. लोक म्हणत, "घड्याळ बंद पडेल, कुशाबा नाही पडणार." तो हे ऐकून मिशीत हसायचा. खरं सांगतो, तेव्हा मलाही त्याचा गर्व होता.

सन एकोणीसशे पंचेचाळीस. कार्तिक वद्य नवमी. त्या पहाटे माझ्या बुंध्याला खालून बारीक कापरं भरल्यासारखं वाटलं. खेकडा असेल, असं म्हणून मी गप्प राहिलो. कुशाबा गिरणीत निघाला तेव्हा रखमाने त्याला विचारलं, "कालवां काढूक जावचा आसा. पाणी कधी उतारतला?"

"आज नवमी. पावणेसातांक भरती, मगे दुपारपर्यंत उतारतच जातला. तू बिनघोर जा," असं म्हणून तो निघून गेला.

खडकांना चिकटलेल्या शिंपल्यांतली कालवं काढायला बायका कोयत्या आणि टोपल्या घेऊन किनाऱ्यावर येऊन बसल्या. नऊ वर्षांची चंपाही आईबरोबर होती. खडक उघडे पडायला अजून दोन-तीन तास होते. पण आठ वाजून गेले आणि समुद्र एकदम मागे गेला. अष्टमी-नवमीला पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही. त्या दिवशी मात्र कधी न दिसलेले खडक वर आले. बायकांना हर्ष झाला. रखमा हसून म्हणाली, "आज माझ्या घोवाचा गणित मागे पडला गो!" आणि सगळ्याजणी पुढे धावल्या.

मला ओरडता आलं असतं तर मी घसा फुटेपर्यंत ओरडलो असतो.

लाट म्हणजे तुम्हाला डोंगराएवढी उंच काहीतरी वाटेल. तसं नव्हतं. चुलीवरचं दूध वर यावं तसं सगळं पाणी वर येऊ लागलं, आणि ते थांबेचना. पहिल्या वेळी बायका धडपडत मागे पळाल्या. पाणी ओसरलं आणि दुसऱ्यांदा आलं, ते जास्त होतं. रखमाने चंपाला माझ्यावर चढवलं. "गाठीर पाय ठेव! सोडू नको!" एवढंच ती म्हणाली. चंपाचे पाय माझ्या गाठीवर होते आणि पाणी तिच्या पावलांना लागत होतं. खाली रखमाने मला मिठी मारली होती. नंतर ती मिठी सुटली. पाणी तिसऱ्यांदाही आलं, पण ते बुटकं होतं. रखमा काही परत आली नाही.

कुशाबा गिरणीतून धावत आला तेव्हा समुद्र शहाण्यासारखा तिथीप्रमाणे उतरत होता. माझ्या अंगावर कमरेएवढ्या उंचीला चिखलाची ओली रेघ होती. त्याने कोयतीने तिथे खोल खाच पाडली. "माजा गणित चुकला," असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. चंपा जवळच बसली होती. पुढे चार महिने ती एक शब्दही बोलली नाही.

आता तुमच्या लक्षात आलं असेल, मित्रांनो. ती रेघ तिसऱ्या, बुटक्या पाण्याची होती. खरं पाणी हातभर वर, माझ्या गाठीपर्यंत आलं होतं. बाकीच्या बायका तोवर लांब पळाल्या होत्या, म्हणून हे ठाऊक असणारे दोघंच होते. एक मी. मला तोंड नाही. दुसरी चंपा.

जवळच्या शाळेतले राजाराम मास्तर गिरगावातून येत. त्यांनी वर्तमानपत्र वाचून कुशाबाला समजावलं, "कराचीच्या पलीकडे मकरानचा किनारा आहे. तिथे समुद्राच्या तळाशी जमिनीचे दोन तुकडे एकमेकांत अडकून बसतात. ताण साठत जातो आणि एक दिवस ते सुटतात, भूकंप होतो. मग एवढ्या लांबचं पाणीही हलतं. यात तुमचा दोष नाही. भूकंपाचं पाणी तिथी पाळत नसतं."

"परत येतला?" कुशाबाने विचारलं.

"येऊ शकतं. उद्या येईल किंवा शंभर वर्षांनी येईल. कुणालाच सांगता येणार नाही."

या उत्तराने कुशाबाची झोप उडाली, आणि माझीही. सुट्टी आली की तो दगड वाहून आणी. माझ्या शेजारी त्याने एक लांबरुंद ओटा बांधला. उंची बरोबर माझ्या खाचेएवढी. ओट्याच्या मागे उंच कुंपणाची भिंत होती, त्यामुळे बायकामुलांना पटकन चढायला तेवढी एकच जागा होती. मग त्याने रीतच पाडली. बायका कालवं काढायला गेल्या की एकीने थाळी घेऊन माझ्यापाशी बसायचं. वेळेआधी पाणी मागे गेलं की थाळी वाजवायची आणि सगळ्यांनी ओट्यावर यायचं. दगडावर दगड चढत होता आणि मी मनात म्हणत होतो, अरे, अजून हातभर! अजून हातभर! पण खांबाचं कोण ऐकतो?

दहा वर्षं गेली. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली आणि माझे दिवस पालटले. माझ्या डोक्यावर झेंडा लागला, कर्णा बांधला गेला. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे" अशी पत्रकं माझ्या सर्वांगाला चिकटली. माझ्याभोवती सभा भरत. मी पण काय, फुगून गेलो! फक्त खाच खळीखाली बुजायची. दुसऱ्या दिवशी कुशाबा येऊन तेवढाच कागद खरवडून काढायचा.

पत्रकं लावणाऱ्या मंडळींत जगदीश पुढे असे. त्याने एकदा कुशाबाला पकडलंच. "काय काका, आम्ही रात्रभर खळ शिजवतो आणि तुम्ही पोस्टर फाडता? कुणाच्या बाजूचे तुम्ही, हां?"

कुशाबा याच चळवळीच्या सत्याग्रहात पंधरा दिवस तुरुंगात राहून आलेला माणूस. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी म्हाराष्ट्राच्याच बाजूचो रे. पण ही खाच दिसाक व्हयी. ती झाकू नको."

जगदीश ओशाळला. पुढे तो खाच सोडून पत्रकं लावू लागला. पोरगा मनाने वाईट नव्हता.

एकोणसाठ सालच्या थंडीत एका सकाळी पाणी वेळेआधी मागे गेलं. थाळीवर स्वतः कुशाबा होता. त्याने ती अशी बडवली की तिला पोचे पडले. बायका टोपल्या टाकून धावल्या, ओट्यावर दाटीवाटीने उभ्या राहिल्या. चंपाही होती. आता तिचं लग्न झालं होतं आणि कडेवर मुलगी होती. सगळे श्वास रोखून समुद्राकडे बघत होते. काहीच झालं नाही. जमिनीवरून सुटलेल्या मतलई वाऱ्याने पाणी जरा लोटलं होतं, इतकंच. शेजारची सुभद्रा म्हणाली, "गेली ना माझी टोपलीभर कालवं! कुशाबादाजींना पाण्याचं भूत लागलंय." हसत हसत सगळ्या खाली उतरल्या.

चंपा हसली नाही. तिने मुलीला ओट्यावर उभं केलं होतं आणि ती माझ्या गाठीकडे बघत होती. गाठ त्या पोरीच्या कमरेच्या वर होती. चंपाचा चेहरा पांढराफटक पडला. ती बापाकडे वळली, तोंड उघडलं, आणि पुन्हा मिटलं. एका चुकलेल्या गणिताने आयुष्यभर जळत असलेल्या माणसाला दुसरी चूक कोणत्या तोंडाने सांगायची? मला तिचा राग आला आणि कीवही आली.

साठ साल उजाडलं आणि आपलं राज्य व्हायचं ठरलं. एक मेच्या आधी जगदीश रंगाचे डबे घेऊन हजर झाला. मला नटवायचं होतं. त्याने लांबीचा लगदा भरून भेगा बुजवल्या, घासलं आणि वर केशरी रंगाचे दोन हात दिले. मी इतका देखणा कधीच दिसलो नव्हतो. आणि खाच गेली होती. ती खाच झाकायची नाही हे त्याला पाठ होतं, पण रंगवायचं म्हणजे आधी लाकूड सारखं करायचं, या सवयीने त्याने तीही लांबीने भरून टाकली.

दुपारी कुशाबा चंपाचा हात धरून आला. आता त्याला नीट दिसत नसे. त्याने हाताने मला चाचपलं, वरून खाली, खालून वर. मग तो मटकन ओट्यावर बसला.

जगदीशच्या सगळं ध्यानात आलं. त्याने कान पकडले. "काका, चुकलो. आत्ता कोरून देतो. कुठे होती, बोट ठेवा फक्त."

कुशाबा उठला, ओट्याच्या काठाशी हात टेकून म्हणाला, "हंयच. ओट्याच्या बरोबरीन."

"तिथे नाही," चंपा म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघू लागले. ती पुढे आली आणि तिने माझ्या गाठीवर हात ठेवला. "बाबा, पाणी इथे होतं. माझे पाय या गाठीवर होते आणि पाणी पायांना लागत होतं. तुमी आलात तवा उतरलेलं. तुमी खाच पाडलीत ती मागून आलेल्या पाण्याची." तिने हात गाठीवरून काढला नाही. "पंधरा वर्सं माज्याच्यान सांगवलं नाय. तुमी आधीच..."

दूर कुठेतरी ताशा वाजत होता. मला वाटलं, आता हा म्हातारा कोसळणार. कुशाबाने माझी गाठ चाचपली, मग ओट्याची कड चाचपली. मधलं अंतर त्याने हाताने मोजलं. ते भरलं बरोबर एक हात.

"आईन तुका हंय चढवला?" त्याने विचारलं.

"हो."

"मगे तिचा गणित बरोबर होता," कुशाबा म्हणाला आणि त्याने कोयती चंपाच्या हातात दिली. "पाड खाच. जगदीश, रंग ऱ्हवांदे. दगड आण."

तिने नव्या रंगावर कोयती चालवली. मला दुखलं, पण एवढं सुख मला कोणत्याच झेंड्याने दिलं नव्हतं.

मित्रांनो, समुद्र अवेळी मागे गेलेला दिसला तर शिंपल्यांमागे धावू नका, उंचावर पळा. कुठे जुन्या खांबावर, भिंतीवर एखादी खूण दिसली तर तिच्यावर रंग फासण्याआधी ती कुणी आणि का केली ते विचारा. आणि तुम्ही जे डोळ्यांनी पाहिलंय ते मोठ्यांना सांगा, त्यांना वाईट वाटणार असलं तरी सांगा.

ओट्याचे दोन थर चढले आहेत. अजून दोन बाकी आहेत. आज पाणी वेळेवर उतरतंय, मी मोजतोय. जगदीश दगड आणायला गेलाय, त्याला म्हणावं, जरा लवकर ये.