चमचा कपात ठेवायचा नाही

जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावरच्या आमच्या ऑस्टफ्रिसलंडात रविवारचा चहा चर्चमधल्या प्रार्थनेइतकाच शिस्तीत होतो. कपात खडीसाखर, तिच्यावर कडक चहा, वरून साय. पाहुण्याने चमचा कपात ठेवेपर्यंत यजमानीण ओतत राहते. चमचा ठेवला की चहा संपला आणि विषयही संपला. पाळी, गर्भ, वांझपण यांबद्दल टेबलाशी कुणी ब्र काढत नाही. बायका मुकाट सोसतात आणि आम्ही त्याला घराण्याची अब्रू म्हणतो!

त्या रविवारी गेशेबाईंकडे थोरली मुलगी टोम्मा आली होती. वय एकतीस. तिच्या अंडाशयांचं काम जवळजवळ थांबलंय, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. हाडं जपायला संप्रेरकांच्या गोळ्या घ्यायच्या. स्वतःच्या बीजातून मूल होण्याची आशा फार थोडी. दुसऱ्या बाईचं बीज घेतलं तर गर्भ राहू शकतो, पण इथल्या कायद्याला ते मंजूर नाही, त्यासाठी सीमेपलीकडे जावं लागेल. नाहीतर दत्तक. नवरा एन्नो लगेच म्हणाला, "आपण जाऊ." सासूने मात्र शेताला वारस कोण, एवढंच विचारलं.

"इतकं काय मनाला लावून घेतेस?" गेशेबाई चहा ओतत म्हणाल्या. "माझी तरी पाळी कुठे चाळिशीपर्यंत टिकली? तेहतिसाव्या वर्षीच गेली. तुझ्या आजीचंही तेच."

टोम्माचा कप हातातच राहिला.

"आई, घरात कुणाची लवकर गेली का, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं. मी तुला फोन केला. तू म्हणालीस, कुणाचीच नाही."

"मग काय गावभर दवंडी पिटायची? लग्नाआधी कळलं असतं तर एन्नोच्या आईनं तुला उंबऱ्याच्या आत घेतलं असतं? झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई."

"मूठ माझी होती! विशीत कळलं असतं तर मी तपासून घेतलं असतं, बीजं काढून गोठवून ठेवली असती. तू माझं लग्न सांभाळलंस आणि त्यापायी माझं मूल घालवलंस."

"मला तरी माझ्या आईनं कुठे सांगितलं होतं?" गेशेबाई पुटपुटल्या.

ते खरंच होतं, आणि म्हणूनच टोम्माच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिला स्वतः हे भोगावं लागलं, तिनेच पोटच्या पोरीचा केसाने गळा कापला होता.

इतक्यात धाकटी विब्के केक घेऊन आली. बाविशीची पोर, पुढच्या महिन्यात साखरपुडा.

"कसलं भांडण चाललंय? माझ्या लग्नाच्या जेवणावरून तर नाही ना?"

गेशेबाईंनी झटकन टोम्माचा चमचा उचलून तिच्या कपात ठेवला. "काही नाही गं. ताईचं झालं." मग टोम्माकडे वळून हळूच म्हणाल्या, "हिचं लग्न होऊ दे. मग सांगू."

टोम्माने चमचा काढून बशीत ठेवला आणि कप पुढे सरकवला.

"माझं झालेलं नाही. ओत."

गेशेबाई जागच्या हलल्या नाहीत. शेवटी विब्केनेच किटली उचलली.

"बस, विब्के," टोम्मा म्हणाली. "आपल्या घरातल्या बायकांची पाळी फार लवकर जाते. तुझ्या हातात अजून वेळ आहे, उद्याच डॉक्टरकडे जाऊ. माझा वेळ गेला. आईला सगळं माहीत होतं."