झाकण लावलं की रेघ

सुकन्याचं डायलिसिस लातूरला व्हायचं, आठवड्यातून तीनदा. औशाहून सकाळची एसटी, पुढं रिक्षा, मग चार तास पलंगावर. डाव्या हातात सुया असायच्या, म्हणून तो हात हलवायचा नाही. उजवा तेवढा मोकळा. सुरुवातीला ती मोबाइल बघायची, पण मोबाइल हातात घेतला की कुणाचा ना कुणाचा फोन यायचा आणि तब्येत विचारली जायची. सांगून सांगून ती थकली. मग तिनं माहेरून आपला जुना गेम मागवून घेतला.

शाळेत असताना मामानं हैदराबादहून आणलेला तो गेम होता. हातात मावेल एवढा, मधोमध छोटा स्क्रीन, दोन्ही बाजूंना बटणं. रूळ जोडत जायचं आणि आगगाडी पुढं न्यायची, असा एक खेळ त्यात होता. उशीला टेकवून ठेवला तर एका अंगठ्यानं खेळता यायचा. अडचण एकच. त्या स्क्रीनला आतून उजेड नव्हता आणि वॉर्डातल्या ट्यूबलाइटचा झगझगाट बरोबर त्यावर पडायचा. गाडी कुठं आहे तेच कळायचं नाही.

किडन्या जाण्याआधी सुकन्या औशात इन्व्हर्टर दुरुस्तीच्या दुकानात काम करायची. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेला. तिनं ऑनलाइन शोधून आतून उजेड देणारा नवा स्क्रीन मागवला आणि डायलिसिस नसलेल्या दिवशी खिडकीशी बसून तो बसवला. आतलं प्लास्टिक थोडं कापावं लागलं, स्क्रीनची कागदासारखी पातळ रिबन खाचेत सरकवावी लागली. बटण दाबलं तसा स्क्रीन असा लखलखला, की तिनं स्वयंपाकघरातून सासूबाईंना हाक मारून दाखवला. साखराबाईंनी हात पुसत बघितलं, छान हाय म्हणाल्या.

मग तिनं झाकण लावून स्क्रू आवळले आणि स्क्रीनवर आडव्या रेघा धावायला लागल्या. अर्धा भाग पांढराफटक झाला.

तिनं परत उघडलं. रिबन काढून स्पिरिटनं पुसली, सरळ बसवली. चाललं. झाकण लावलं, रेघा. सेल बदलले, बटणाखालचा गंज साफ केला. उघडं असलं की चालायचं, झाकलं की बिघडायचं. संध्याकाळपर्यंत तिचे खांदे भरून आले. तसाच तो गेम घेऊन ती दुसऱ्या दिवशी लातूरला गेली.

शेजारच्या पलंगावर निलंग्याकडचे माणिकप्पा असायचे. अडत दुकानात हमाली करून म्हातारे झालेले. ते मान वळवून थरथरणाऱ्या रेघांकडं बघत राहिले आणि यात काय दिसायला पाहिजे म्हणून विचारलं. आगगाडी, ती म्हणाली. त्यांनी पुष्कळ वेळ बघितलं आणि आपल्याला तर काय दिसंना म्हणाले.

परतीच्या एसटीत तिचा नवरा हरिओम बाजूला बसला होता. बी-बियाण्यांच्या दुकानातली नोकरी सांभाळून तो दर खेपेला तिच्यासोबत यायचा. मालकाचं तोंड वाकडं व्हायचं, पण तो यायचा. लातुरात एखाद्या मोबाइलवाल्याकडं टाकू, असं त्यानं सुचवलं. सुकन्या नको म्हणाली. कुठंतरी काहीतरी दाबलं जातंय, एवढंच शोधायचंय. त्यानं आणखी काही बोलायच्या आत तिनं डोळे मिटले. डायलिसिस झालेल्या दिवशी तिला बोलायचं बळ नसायचं.

दुपारभर ती झोपली. संध्याकाळी गेम घेऊन बसली तर बोटं थरथरत होती आणि पट्टी बांधलेल्या डाव्या हातानं धरता येत नव्हतं. स्क्रू दोनदा फरशीवर पडला. शेवटी तिनं सगळं हरिओमपुढं सरकवलं. ती सांगेल तसं त्यानं करायचं.

हरिओमला युरियाची पोती उचलायची सवय. एवढे बारीक स्क्रू त्यानं कधी हातात धरले नव्हते. तो आवळायचा ते जीव लावून आवळायचा. ती ओरडली, त्यानं सैल केले, मग झाकणच हललं. दोघंही चिडले.

साखराबाई परातीत कणीक मळत होत्या. ते बघून सुकन्याला सुचलं. तिनं सेल काढायला लावले, कणकेच्या ज्वारीएवढ्या गोळ्या प्लास्टिकच्या पातळ कागदात गुंडाळून स्क्रीनच्या पाठीवर जागोजाग ठेवायला सांगितल्या. झाकण लावून उघडलं. बाकीच्या गोळ्या जेमतेम दबल्या होत्या, उजव्या कोपऱ्यातली मात्र पापडासारखी चपटी झाली होती. तिथंच प्लास्टिकचा एक छोटा खुंट कापायचा राहिला होता. तो नेमका रिबनच्या मुळाशी टेकत होता.

"हाच. मुळातून कापा," ती म्हणाली.

हरिओमनं ब्लेड घेतलं आणि तसाच बसून राहिला. हात सटकला तर रिबन तुटेल, स्क्रीन वाया जाईल, असं तो पुटपुटत होता. उद्या उजेडात करू म्हणाला. तिच्या जुन्या दुकानातल्या कुणाला विचारू म्हणाला.

"मला जपायचा लई कंटाळा आला," सुकन्या म्हणाली. "पाणी जपून, मीठ जपून, हात जपून. तुटलं तर तुटलं. तुम्ही कापा."

साखराबाईंचे हात परातीत थांबले. हरिओमनं तिच्याकडं बघितलं नाही. त्यानं गेम मांडीवर घट्ट धरला आणि थोडं थोडं करत खुंट कापून काढला.

झाकण लागलं, स्क्रू अलगद आवळले, सेल घातले. स्क्रीन स्वच्छ उजळला. डाव्या कडेला केसाएवढी एक उभी रेघ तेवढी राहिली. हरिओम लगेच स्क्रू परत काढायला लागला. तिनं त्याचा हात धरला, राहू दे म्हणाली आणि भिंतीला टेकून बसली. स्वयंपाक होईपर्यंत तिला तिथंच डोळा लागला.

पुढच्या खेपेला वॉर्डात गाडी स्पष्ट दिसत होती. माणिकप्पांना पहिल्यांदा रेघच दिसली. ती खेळातली आहे का, असं त्यांनी विचारलं. नाही म्हटल्यावर, मग काढत का न्हाई, म्हणाले.

"खेळता येतंय की," सुकन्या म्हणाली.

तासाभरानं तिचं बीपी उतरलं. सिस्टरनं पलंगाची पायाकडची बाजू वर केली आणि हरिओमला डोक्याशी बसायला सांगितलं. सुकन्यानं गेम माणिकप्पांकडं द्यायला सांगितला आणि डोळे मिटून घेतले. कधी झोपली ते कळलं नाही.

जागी झाली तेव्हा मशीन बंद व्हायला थोडाच वेळ उरला होता. माणिकप्पा अजून खेळतच होते. अंगठा जाड, एकदम दोन बटणं दाबली जायची. पहिलं स्टेशनही त्यांना गाठता आलं नव्हतं. हरिओमनं गेम परत घ्यायला हात पुढं केला, तर त्यांनी मान वर न करताच तो बाजूला सारला.

"थांब की बाबा. एवढं ठेसन येऊ दे."

हरिओमनं सुकन्याकडं बघितलं. तिनं मानेनंच राहू दे म्हटलं.