लाल गोलांचा नकाशा

मी नकाशा बोलतोय. शाळेच्या भिंतीवर टांगतात तो नव्हे, घडीचा. मिटला तर गाडीच्या दाराच्या कप्प्यात मावतो आणि उघडला तर जेवणाचं टेबल झाकून दोन्हीकडे लोंबतो. माझ्यावर एक परका देश छापलाय. त्याचे पक्के रस्ते, कच्चे रस्ते, अभयारण्यं, पाणवठे, आणि पेट्रोल मिळतं ती ठिकाणं. ती फार नाहीत.

छापखान्यात एकामागून एक रंग माझ्या अंगावर चढले. त्याचं काही वाटलं नाही. भीती बसली ती घडी घालणाऱ्या यंत्राची. ते कुणाला विचारत नाही. माझ्याबरोबरचे काही तिथेच फाटले. मी सुटलो, पण तेव्हापासून घडीच्या जागी जरा हळवाच आहे.

पुढे पुस्तकांच्या दुकानात मी धूळ खात पडलो होतो. लोक मला उचलायचे, उलटसुलट करायचे, "फोनवर सगळं असतं की," म्हणून परत ठेवायचे. एक दिवस एक चष्मेवाला गृहस्थ आला आणि दुकानदाराला म्हणाला, "फोनची रेंज गेली तर हा चालेल ना?"

"कागदाला कसली रेंज, साहेब?"

"आणि भिजला तर?"

"सुकवायचा."

"समजा, वाऱ्याने उडालाच तर..."

मागून त्याची बायको म्हणाली, "अहो, घ्या आता." तेव्हा कुठे मी त्या घरी आलो. मुलगी त्यांना आई-बाबा म्हणायची, म्हणून मीही तेच म्हणतो.

बाबा लिफ्ट तपासायचे. उंच इमारतींच्या डोक्यावर मशीन रूममध्ये जायचं, ब्रेक पाहायचा, तारेच्या दोरावरून हात फिरवून एखादी तार तुटलीय का बघायचं, हे त्यांचं काम. लोक लिफ्टमध्ये शिरतात, बटण दाबतात आणि आरशात केस नीट करतात. दोर तुटला तर काय, हा विचार त्यांच्या वतीने बाबा करायचे. आयुष्यभर हाच विचार करून करून तो त्यांच्या अंगात मुरला होता. गॅस बंद केला का, हे ते जिन्यावरून परत येऊन पाहायचे. आई घरीच पडदे शिवायची. ती म्हणायची, "यांच्या जिवावर सगळं गाव निर्धास्त लिफ्टने फिरतं आणि हे स्वतः जिन्याने."

त्यांची एकुलती एक मुलगी माझ्यावरच्या देशात गिधाडं मोजायची. खरंच मोजायची, तेच तिचं काम. उजव्या बाजूला वर, जिथे माझा हिरवा रंग संपून मातकट रंग सुरू होतो, तिथे तिचा तळ होता. दोन-चार तंबू, एक पत्र्याची खोली आणि एक जुनी जीप. ती केव्हापासून म्हणत होती, "एकदा या. मी काय करते ते बघून जा."

बाबांना वाटलं होतं, विमानाने जायचं, तिला भेटायचं, परत यायचं. पण आईने मला टेबलावर पसरलं आणि दंडापासून मनगटापर्यंत हात माझ्यावर आडवा ठेवला. "समुद्रापासून सुरुवात करू. मग हे मिठाचं मैदान. मग हत्तींचं जंगल. मग नदी ओलांडून तिच्याकडे. ती समुद्रापाशी आपल्याला घ्यायला येईल, तिच्याच गाडीतून जाऊ."

"एवढं सगळं?"

"आयुष्यभर दुसऱ्यांच्या खिडक्या मापल्या. आता जरा बाहेरचं बघते."

अशी ती सहल ठरायला लागली. रोज संध्याकाळी पडद्यांचं कापड बाजूला सरकवून मला पसरलं जायचं. चारही कोपऱ्यांवर वजनं ठेवली जायची. एकावर आईची कात्री, एकावर बाबांची चष्म्याची डबी. मला वजनाची भीती नव्हती. बाबांच्या हातातल्या लाल पेन्सिलीची होती.

जिथे धोका, तिथे लाल गोल. हत्ती रस्त्यावर येतात, गोल. सिंहांचा वावर, गोल. एका पंपापासून दुसऱ्या पंपापर्यंत फार अंतर, म्हणून लांबट गोल. दवाखाना नाही. मोबाईलचा मनोरा नाही. वाळूत गाडी रुतते. बाबा कुठून कुठून वाचून यायचे आणि माझ्यावर काढायचे. बघता बघता मला गोवर उठल्यासारखं झालं.

एकदा आईने मिठाच्या मैदानाच्या पलीकडे बोट ठेवलं. "इथे काय आहे?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे काहीच नाही. गाव नाही, रस्ता नाही, पाणी नाही."

तिथे काय आहे ते मलाही माहीत नव्हतं. माझ्या अंगावर एवढी मोठी जागा कोरी आहे, याची मला तोवर कधी धास्ती वाटली नव्हती. त्या दिवसापासून वाटायला लागली.

जायची तारीख ठरली, ती पावसाचं कारण सांगून पुढे ढकलली गेली. पुन्हा ठरली, तेव्हा बाबांच्या ऑफिसात माणसं कमी होती. तिसऱ्यांदा बाबांना गाडीच्या टायरबद्दल शंका आली, आणि ती गाडी तर समुद्रापलीकडे होती. आई शिलाई मशीनवर बसली आणि पाय जरा जोरात मारायला लागली.

मला वाटतं, बाबांना नाही म्हणायचं नव्हतं. त्यांना वाटत होतं, दुसऱ्या कुणीतरी नाही म्हणावं.

म्हणूनच एका रविवारी दुपारी त्यांनी मुलीला फोन लावून टेबलावर ठेवला, माझ्याच अंगावर, आवाज मोठा करून. आई पलीकडे पडद्याला अस्तर लावत होती.

"तू म्हणतेस ती नदी," बाबा म्हणाले, "पूल तर दिसत नाही."

"पूल नाहीच बाबा. उथळ जागा आहे. तिथून गाडी पाण्यातूनच काढायची."

"मग पाणी वाढलं तर? किती वाढलंय ते तुलाही सांगता येणार नाही. मला वाटतं, तो बेत सोडून द्यावा."

"सांगता येतं की," ती सहज म्हणाली. "चाकाच्या मध्यापर्यंत असेल तर खुशाल जायचं. दाराच्या खालच्या कडेला लागलं की जपायचं. त्याच्या वर गेलं तर गाडी तरंगायला लागते. आधी मागची बाजू उचलली जाते. स्टिअरिंग हलकं लागतं, एकदम लोण्यासारखं, आणि मग आपण काहीही केलं तरी..."

ती थांबली. पलीकडून नुसता वाऱ्याचा आवाज येत होता.

"तुला कसं माहीत?" बाबांनी विचारलं.

इकडे आईची कात्रीही थांबली. बाबांनी आधी फोनकडे पाहिलं, मग आईकडे. आईने मान वर केली नाही, आणि तेवढ्यावरून त्यांना कळलं, तिलाही हे ठाऊक होतं.

"कधी?"

"मागच्या पावसाळ्यात," मुलगी म्हणाली. "गाडी कलंडली. मी खिडकीतून बाहेर आले. हात मोडला होता. आता अगदी बरा आहे बाबा, जड वस्तूही उचलते."

बाबांचं बोट माझ्यावर नदी शोधत होतं. सापडत नव्हती. केसाएवढी निळी रेघ आणि तिच्यावरून जाणारी तुटक रेघ, एवढंच तिथे छापलंय. अंगभर लाल गोल काढले होते त्यांनी, आणि जिथे त्यांची मुलगी बुडता बुडता वाचली ती जागा तेवढी स्वच्छ होती.

फोन ठेवल्यावर ते म्हणाले, "म्हणून तू तेव्हा पडदे उलटे शिवलेस."

आई म्हणाली, "हो."

"मी तुला म्हटलं, चष्म्याचा नंबर तपासून घे."

"हो."

"मला का नाही सांगितलंस?"

आईने हातातलं कापड खाली ठेवलं. "सांगितलं असतं तर तुम्ही तिला परत बोलावलं असतं. तुमच्याकडे बघून ती आलीही असती. मग इथे बसून काय मोजलं असतं तिने? कबुतरं?" मग म्हणाली, "मीही घाबरले होते. पण तुमची भीती एवढी मोठी की दुसऱ्याच्या भीतीला घरात जागाच उरत नाही."

बाबा उठले. त्यांनी मला मिटलं, पण घड्या उलट्या पडल्या आणि मधल्या ठिकाणी मी टरकलो. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. मला पिशवीत कोंबून दुसऱ्या दिवशी ते कामावर घेऊन गेले. एका इमारतीच्या मशीन रूममध्ये त्यांनी मला मोटरशेजारी जमिनीवर पसरलं आणि पुढ्यात बसून राहिले. खाली माणसं वर-खाली करत होती, दोर सरसर फिरत होते. बाबांनी माझी कड दोन्ही हातांनी धरली. मला वाटलं, आता हे मला फाडणार. जिवात जीव नव्हता माझ्या.

ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "पोरीचा हात मोडला आणि मला पत्ता नाही."

घरी येऊन त्यांनी मला आईपुढे ठेवलं. "हा फाटलाय. न्यायचा तर शिवून दे."

आईने पडद्याच्या अस्तराच्या पट्ट्या कापून माझ्या घड्यांवर पाठीमागून चिकटवल्या. एवढ्या हळुवारपणे माझ्या घड्यांना आजवर कुणी हात लावला नव्हता. पुढच्या आठवड्यात तिकिटं आली.

बाबांची भीती गेली असं समजू नका. विमानात त्यांनी आईचा हात सोडला नाही. मुलगी समुद्राकाठच्या शहरात जीप घेऊन उभी होती. तिला पाहून त्यांनी पहिल्यांदा तिचा हात हातात घेतला आणि मनगटापासून कोपरापर्यंत चाचपून पाहिला, दोर तपासतात तसा. मग चाकं पाहिली. ती म्हणाली, "बाबा, सगळं पाहिलंय मी." ते म्हणाले, "मीही पाहतो."

मिठाच्या मैदानात कुठेच काही नव्हतं. नुसतं पांढरं, डोळ्यांना टोचणारं. जंगलात एक हत्तीण पिल्लासह रस्त्यात येऊन उभी राहिली. मुलीने इंजिन बंद केलं. हत्तिणीने कान पसरले, दोन पावलं पुढे आली. मी बाबांच्या मांडीवर होतो. त्यांच्या तळव्याच्या घामाने माझा एक कोपरा भिजून मऊ झाला. पिल्लू पलीकडे गेलं तशी तीही गेली. आई हळूच म्हणाली, "आईच ती."

आणि मग नदी आली.

माझ्यावर ती केसाएवढी होती. समोर मात्र गढूळ, रुंद, पलीकडची झाडं लहान दिसावीत एवढी मोठी. वर डोंगरात पाऊस झाला असावा. मुलीने जीप काठाशी आणली आणि थांबवली. "जाईल," ती म्हणाली. "चाकाच्या मध्याच्या थोडं वर आहे, एवढंच. जाईल."

पण तिने गिअर टाकला नाही. बाबा तिच्या हाताकडे बघत होते. तो मागे मोडलेला हात गिअरवर होता आणि त्याची बोटं पांढरी पडली होती. आजवर सगळ्यांच्या वतीने घाबरलेल्या माणसाला दुसऱ्याची भीती ओळखायला किती वेळ लागणार?

"इंजिन बंद कर," बाबा म्हणाले.

"बाबा, तुम्ही घाबरू नका. मी..."

"मी घाबरलोच आहे. तू?"

ती समोरच बघत राहिली. मग म्हणाली, "इथे आलं की दर वेळी वाटतं. कुणाला सांगत नाही. तळावर सांगितलं तर पुन्हा पाठवणार नाहीत. घरी सांगितलं तर..." तिने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं आणि कपाळ स्टिअरिंगवर टेकलं. मागून आईने तिच्या पाठीवर हात ठेवला.

"पाणी उतरेपर्यंत थांबू," बाबा म्हणाले. "आपल्याला कसली घाई आहे?" आणि जरा वेळाने, "मला सांगत जा. मी घाबरणार, ते काही बदलायचं नाही. पण सांगत जा."

काठापासून मागे, उंचवट्यावर गाडी लावून ती तिघं दिवसभर बसली. दुपारी पाण्यावर रानम्हशी आल्या, मग जिराफ आले, पुढचे पाय फाकवून वाकणारे. वाळूत एक ओंडका पडला होता तो सरकत पाण्यात गेला, तेव्हा कळलं की ती मगर होती. संध्याकाळी गिधाडं उतरली आणि मुलगी नकळत पुटपुटत मोजायला लागली. बाबा तिच्याकडे बघत होते. तिचं काम ते पहिल्यांदा बघत होते.

सकाळी पाणी उतरलं होतं. तिने आधी उतार नीट पाहिला, मग गाडी घातली. मध्यावर चाक घसरलं, पाणी दारातून आत आलं आणि मी पुरता भिजलो. "डावीकडे घे," असं कुणी ओरडलं नाही. बाबा डोळे मिटून बसले होते, पण तोंड बंद होतं. दगडांवर चाकं लागल्याचा आवाज आला, तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

मला उन्हात सुकवलं. लाल रंग ओघळून सगळीकडे पसरला. आता कुठला गोल कशाचा ते मलाही सांगता येत नाही. बाबा परत जाताना मला मुलीकडेच ठेवून गेले. पत्र्याच्या खोलीत एका फळीवर मी असतो. वाळवी लागेल, असं मला रोज वाटतं. वारा सुटला की पत्रा वाजतो आणि माझं काही खरं नाही असं वाटतं. तुमच्याकडे असा एखादा जुना नकाशा पडला असेल तर त्याला ओलीत ठेवू नका, एवढंच मागणं आहे. आणि तो कुणी, किती वेळ, कसल्या काळजीने पाहत बसलं असेल, ते कधी आठवून बघा.

परवा मुलगी संध्याकाळी बाहेरून आली ती चिखलाने माखलेली. कपाळावर ओरखडा होता. ती पाणी प्यायली, फळीला टेकून उभी राहिली आणि तिने घरी फोन लावला.

"बाबा, आज जरा घाबरण्यासारखं झालं. मी ठीक आहे. सांगू?"

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"बसलो," ते म्हणाले. "सांग."