भाविकाच्या गुडघ्यावरचा पट्टा

मित्रांनो, मी गुडघ्याला बांधायचा एक जुना पट्टा आहे. आता माझी कड उसवली आहे. शिवणाऱ्या बाईने माझ्या मधोमध गोल भोक ठेवले, तेव्हाच माझे काम ठरले होते: गुडघ्याची वाटी बाहेर सरकू द्यायची नाही.

चोपड्याच्या औषधांच्या दुकानातून सुंदरबाईंनी मला आपल्या लेकीसाठी, भाविकासाठी घेतले. भाविका खो-खो खेळायची. पळताना गर्रकन वळली की तिची वाटी बाहेरच्या बाजूला सरकायची आणि आपोआप जागेवर बसायचीही. म्हणून सूज उतरली की तिचे दुखणे कुणाला खरे वाटत नसे. तिच्या वडिलांना तर मुळीच नाही. ते, म्हणजे झुलालआबाच, गावच्या मुलींना खो-खो शिकवत.

धुळ्याच्या सामन्यात ती मध्येच थांबली. आबा तरातरा मैदानात आले.

“आबा, मन्ही वाटी सरकस,” ती कळवळून म्हणाली.

“बठ्ठं नाटक शे!” सगळेच ढोंग म्हणून आबा ओरडले आणि सगळ्यांदेखत त्यांनी मला तिच्या पायावरून ओढून फेकले.

मी धुळीत पडून पाहत होतो. खेळ पुन्हा सुरू झाला. भाविका खांबापाशी वळली आणि किंचाळून कोसळली. या वेळी वाटी परत बसलीच नाही. गुडघ्याच्या कडेला आलेला उंचवटा आबांनी पाहिला. लोक भाविकाकडे धावले. आबांनी मात्र खाली वाकून मला उचलले. दवाखान्यात ते मला मुठीत आवळून कोपऱ्यात उभे होते. लेकीसमोर जायची त्यांना लाज वाटत होती.

डॉक्टरांनी शस्त्रक्रिया केली; मांडीमागच्या स्नायूची दोरीसारखी कंडरा घेऊन वाटीला नवा बंध लावला. “वाटी बहुधा पुन्हा निसटणार नाही,” ते म्हणाले, “पण ताकद व्यायामानेच येईल. भीती जायला वेळ लागेल.”

तसेच झाले. वर्ष उलटले, वाटी एकदाही सरकली नाही. भाविका भराभर जिने चढते, गाडी चालवते. उकिडवे बसताना मात्र गुडघा ओढतो, आणि पळता पळता वळायची वेळ आली की पाय थबकतो. खो-खो सुटला तो सुटलाच.

व्यायामाच्या वेळी आबा रोज तिच्याजवळ बसत, पण नजर वर करत नसत. एका संध्याकाळी कसेबसे म्हणाले, “बेटा, मन्ही चूक व्हयनी.”

भाविका पाय उचलत राहिली. मग म्हणाली, “आबा, आते मैदानमा कोनले नाटक म्हनू नका.”

आबांनी मान डोलावली.

मित्रांनो, मला जपले नाहीत तरी चालेल. पण कुणी ‘दुखतंय’ म्हणाले, तर सूज दिसायची वाट पाहू नका. आधी त्याचे खरे माना.