संताच्या चित्राखालची चांदणी

या मित्रांनो, जरा जवळ सरकून बसा. माझा आवाज आता लांब पोचत नाही. एक गोष्ट सांगते. तिच्यात देव आहे, कडाक्याची थंडी आहे आणि एका भल्या माणसाची चूक आहे.

मी एक जुनी काच आहे. बल्गेरियाच्या डोंगरात वेल्को नावाच्या म्हाताऱ्याच्या गाडीला मी पुढे बसवलेली होते. दोन पातळ काचा आणि मध्ये चिकट पापुद्रा, असं माझं अंग. भट्टीत तापले, वाकले आणि एकवीस वर्षं वारा, चिखल, किडे तोंडावर झेलले. कौतुक फारसं झालं नाही. स्वच्छ काच कुणाला दिसतच नाही.

वेल्कोच्या बायकोची, झ्लात्काची, मूत्रपिंडं निकामी झाली होती. सोमवार, बुधवार, शुक्रवार तिला रक्त शुद्ध करून घ्यायला शहरातल्या दवाखान्यात न्यावं लागे. हिवाळ्यात बस घाट चढत नसे. म्हणजे तिचा जीव गाडीवर आणि गाडीची भिस्त माझ्यावर.

ऑक्टोबरअखेर, संत दिमितरच्या सणाला, खडीच्या ट्रकमागून येताना एक खडा उडाला आणि झ्लात्काच्या बाजूला माझ्यावर वाटाण्याएवढी चांदणी उमटली. तिने नख फिरवून पाहिलं. नख अडकलं. हे नुसतं खरचटणं नाही, कारागिराला दाखव, असं तिने बजावलं. वेल्को हो म्हणाला आणि देवळातून संत निकोलाचं छोटं कागदी चित्र आणून त्याने चांदणीवर चिकटवलं. संत निकोला म्हणजे प्रवाशांचा राखणदार. त्याच्यावर भार टाकून वेल्को निश्चिंत झाला. कागदाखाली माझी जखम मात्र उघडीच होती.

जानेवारीत प्रभूच्या बाप्तिस्म्याचा सण आला. फादर मेतोदी मंतरलेलं पाणी घेऊन दारोदार फिरले. यार्देन नदीत येशूचा बाप्तिस्मा झाला, ती कथा ते गात गात सांगत. तो आवाज कानी पडला की माझा सगळा शिणवटा उतरे. तुळशीची बहीण शोभेल अशा सुवासिक डहाळ्यांची जुडी बुडवून त्यांनी माझ्यावर पाणी शिंपडलं.

"फादर, हात आखडू नका," वेल्को म्हणाला. "ही माझ्या झ्लात्काला नेते."

फादरांनी हात आखडला नाही. पाणी ओघळत कागदामागे शिरलं, चांदणीत मुरलं आणि गोठून फुगलं. सकाळी माझ्या अंगावर वीतभर तडा होता.

वेल्को टोपी काढून पायरीवरच बसला. देवाने आपल्याकडे पाठ फिरवली, असं पुटपुटू लागला. झ्लात्का पिशवी घेऊन बाहेर आली.

"पाणी मंतरलेलं असो नाहीतर विहिरीचं, थंडीत गोठणारच. जखम तू उघडी ठेवलीस, देवाला कशाला मध्ये ओढतोस? ऊठ, आज बुधवार आहे. आणि काचेवर गरम हवा सोडू नकोस, तडा वाढेल."

गारठलेल्या गाडीत तिने आपली शाल त्याच्या गुडघ्यांवर टाकली.

ती दवाखान्यात असताना असेन नावाच्या कारागिराने मला हाताळलं. संताचं चित्र त्याने अलगद सोडवून वेल्कोच्या हाती दिलं.

"आजोबा, संतांनी अडीच महिने धरून ठेवलं, ते काय कमी आहे? पण ते काही डिंक नव्हेत."

त्याने मला सावकाश कोरडं केलं. तडा पुढे पळू नये म्हणून त्याच्या टोकाशी बारीक भोक पाडलं. आतली हवा ओढून घेतली, राळेसारखा पातळ द्रव भरला आणि जांभळ्या दिव्याखाली तो कडक केला. तेव्हाच आला असतात तर अर्ध्या तासाचं काम होतं, असं तो म्हणाला. आता नवी काच येईपर्यंत, म्हणजे तीन आठवडे, ही टिकली तर टिकली.

"नऊ फेऱ्या," वेल्को हळूच म्हणाला.

मित्रांनो, त्या नऊ फेऱ्यांतला एकेक खड्डा मला आठवतो. फार थकले होते. पण टिकले.

आता मी झ्लात्काच्या परसात चार विटांवर आडवी पडून आहे. माझ्याखाली फादरांच्या पुढच्या सणाच्या जुडीसाठी रोपं वाढताहेत. ऊन आत जातं, थंडी बाहेर राहते. एवढंच काम, आणि तेही पुरे वाटतं.

तुमच्या गाडीच्या काचेचा टवका उडाला तर तो कोरडा ठेवा, वर स्वच्छ चिकटपट्टी लावा आणि त्याच आठवड्यात कारागिराकडे न्या. प्रार्थना जरूर करा, पण ती तिकडे जाता जाता करा.

आणि आज संध्याकाळी दिवा लावाल तेव्हा झ्लात्काचं नाव एकदा घ्या. उद्या शुक्रवार आहे.