बापाच्या तोंडात

"ही पिल्लं गेली तर तूही जायचंस," बुटाची नाडी आवळत ताई म्हणाली. "संध्याकाळी मी परत येईन तेव्हा या घरात दिसायचा नाहीस. कळलं?"

"कळलं."

"काय कळलं?"

"टाकीत हात घालायचा नाही."

"हात नाही, बोट नाही, आणि तुझं डोकं तर अजिबात चालवायचं नाही," असं बजावून ती बस चालवायला निघून गेली.

धाकट्या भावाला सगळे अर्ध्या म्हणत. नाव कुणी ठेवलं आठवत नाही, पण चुकीचं कुणी म्हणालं नाही. फरशी बसवायला शिकला तर कोपरे तसेच सोडून यायचा. ठेकेदाराने हाकलल्यावर चार दिवसांसाठी म्हणून ताईकडे आला आणि मुक्कामच ठोकला. ताईने तेही चालवून घेतलं असतं. पण मागच्या खेपेला त्याने अंधारात झोपलेल्या माशांवर खटकन दिवा लावला, जोडी बिथरली आणि तिने स्वतःचीच सगळी अंडी गिळून टाकली. तेव्हापासून ताई त्याच्याशी फक्त कामापुरतं बोलत होती.

जोडी एंजल माशांची. ताटलीसारखे चपटे, वरखाली लांबच लांब पंख, चालीत मोठा तोरा. बाजारात मिळणारे एंजल बहुतेक कारखान्यातले असतात. अंडी पडली की माणूस ती उचलतो, बरणीत घालतो आणि निळ्या औषधाच्या पाण्यात पिल्लं वाढवतो. पिढ्यानपिढ्या हेच. पिल्लांनी आई बघितलेली नसते, बाप तर नाहीच नाही. तेच मासे मोठे होऊन अंडी घालतात आणि पुढे काय करायचं ते न कळून खाऊन टाकतात. वर माणूसच म्हणतो, या जातीला मायाच नाही! अरे, तू शिल्लक ठेवलीस कधी?

ताईने हट्ट धरला होता: ही जोडी आपली पिल्लं आपण वाढवणार. जोडी विकणारा मासेवाला हसला होता. दोनदा अंडी गेली, तिसऱ्यांदा अर्ध्याने घालवली. या खेपेला मात्र ती फुटली. टाकीत तिरक्या ठेवलेल्या काळ्या फरशीच्या तुकड्यावर पिल्लं डोक्याने चिकटून बसली होती आणि त्यांच्या शेपट्या नुसत्या थरथरत होत्या. तो तुकडा अर्ध्यानेच कापून दिला होता. कोपऱ्यांसकट.

तो टाकीसमोर स्टूल टाकून बसला. मादी फरशीपुढे उभी राहून पंखांनी वारा घालत होती. नर मागे घुटमळत होता. बघता बघता तो पुढे सरकला, फरशीवर तोंड टेकवलं आणि पाच-सहा पिल्लं ओढून घेतली. गालफडं हलली.

अर्ध्या ताडकन उठला.

"ए! ए भडव्या!" तो काचेवर ओरडला.

नराने पुन्हा तोंड घातलं. अर्ध्याने ताईला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. बस चालवताना ती फोन उचलत नाही, हे माहीत असूनही त्याने पुन्हा लावला. मग मासेवाल्याला.

"खातोय? मग काढ बाहेर," मासेवाला म्हणाला. "विचार कसला करतोस?"

"ताईने हात घालू नको म्हणून सांगितलंय."

"मग बस बघत. तुझ्या ताईला मी पहिल्या दिवशीच बोललो होतो, बाप मोठा हरामखोर असतो या जातीत."

या जातीत! एरवी अर्ध्याला हसू आलं असतं. त्याच्या स्वतःच्या बापाने दोन्ही पोरांना मामाच्या दारात उभं केलं होतं आणि पेट्रोल भरून येतो म्हणून गेला तो गेला. पोटात बापाबद्दल अर्ध्याइतकाच राग भरून घेऊन ताईने त्याला वाढवलं. बाप पिल्लं खातो, यावर विश्वास ठेवायला अर्ध्याला पुरावा लागत नव्हता.

त्याने खुंटीवरची जाळी काढली.

जाळी पाण्यात शिरताच मादी उसळली. नर कोपऱ्यात दबला. दोनदा निसटला, तिसऱ्यांदा सापडला. अर्ध्याने जाळी पाण्याच्या वर आणली आणि नराने तोंड उघडलं. जाळीत पिल्लं पडली. एकही चावलेलं नाही, एकही मेलेलं नाही. सगळी वळवळत होती.

तो खात नव्हता. तो तोंडात घेऊन निघाला होता.

अर्ध्याने जाळी जपून परत बुडवली आणि उलटी केली. नर बाणासारखा पळाला. पिल्लं तळाच्या वाळूवर विखुरली. मादी नराच्या अंगावर धावून गेली आणि तिने त्याच्या पंखाचा लचका तोडला. आता बिथरून दोघं मिळून सगळी खाणार, हे अर्ध्याने मनात पक्कं केलं. बॅग कुठे ठेवलीय तेही आठवून झालं.

पण नर वाळूवर उतरला. एकेक पिल्लू उचललं, चघळल्यासारखं करून पलीकडच्या रुंद पानावर थुंकलं आणि परत फरशीकडे गेला. अंगावर जाळीचे ओरखडे होते, पंख फाटला होता, तरी गडी कामाला लागला. मग मादीही लागली. फरशीवरून पानावर. फरशीवरून पानावर.

पण का? एवढी गुळगुळीत फरशी सोडून का?

अर्ध्याने काचेला नाक लावलं. फरशीवरचं एक पिल्लू सुटलं, पाण्यात जरासं गरगरलं आणि सर्रकन बाजूला ओढलं जाऊन फिल्टरच्या नळीत गेलं. पाठोपाठ दुसरं. नळीचं तोंड उघडं होतं. त्यावरचा स्पंज गायब. अर्ध्या धावत मोरीत गेला. स्पंज बादलीत तरंगत होता. घाईघाईत ताईने तो धुवायला काढला आणि तिथेच विसरली.

तो बसवायचा तर हात कोपरापर्यंत आत, पिल्लांच्या अगदी शेजारी घालावा लागणार. त्याने स्पंज ठेवून दिला आणि फिल्टरचं बटण बंद केलं.

घरघर थांबली. पाणी मुकं झालं. दुपार उतरेपर्यंत दोन्ही मासे वर येऊन तोंड उघडमीट करू लागले. हवा कमी पडत होती. अर्ध्याने ग्लास घेतला, दूरच्या कोपऱ्यातून पाणी उचललं आणि बारीक धारेने परत त्याच कोपऱ्यात सोडलं. पुन्हा उचललं. पुन्हा सोडलं. मासे खाली गेले. हात थांबला की वर यायचे. मग त्याने हात थांबवला नाही. खांदा भरून आला, बोटं वळली, मुताची कळ आली ती दाबून ठेवली.

ताई दारातून आत आली ती थेट टाकीपुढे.

"फिल्टर का बंद आहे?" तिचा आवाज चढला. "काय केलंस? नराचा पंख कशाने फाटला?"

"जाळी घातली होती मी."

"जाळी! हो बाजूला!" ती बटणाकडे झेपावली. अर्ध्या आडवा आला. एका हातात ग्लास, दुसऱ्याने त्याने भिंत धरली.

"सरक, अर्ध्या. नाहीतर थोबाड फोडीन."

"फोड. पण बटण नाही दाबू देणार."

"माझ्या घरात मला शिकवतोस?"

"मोरीतल्या बादलीत काय आहे ते बघून ये. मग काय मारायचं ते मार."

ती त्याला ढकलणारच होती. पण तो आयुष्यात पहिल्यांदा जागचा हलला नव्हता, हे तिच्या ध्यानात आलं असावं. ती मोरीत गेली. बराच वेळ आली नाही. आली तेव्हा पिळलेला स्पंज तिच्या मुठीत होता.

"किती गेली?"

"माहीत नाही. बरीच. उरलेली पानावर आहेत. त्याने नेली."

"त्याने?"

"बापाने."

ताई वाकली. पानावर शेपट्या थरथरत होत्या आणि फाटक्या पंखाचा नर समोर उभा राहून तिच्याकडे रोखून बघत होता. चुकलं वगैरे म्हणायची त्या घरात रीतच नव्हती.

"मी बॅग भरू का?" अर्ध्याने विचारलं.

"ग्लास दे इकडे," ती म्हणाली. "हात बघ कसा लटपटतोय, घाबरवशील पोरांना." गणवेशातच ती स्टुलावर बसली आणि बारीक धार सोडू लागली. "मासेवाल्याकडून हवेचा छोटा पंप घेऊन ये. काय झालं विचारलं त्याने तर सांग, ताई येऊन सांगेल. आणि आधी मुतून घे."

तो मोरीकडे पळाला. मग चपला घातल्या.

"ए," ती मान न वळवता म्हणाली, "दार हळू लाव."